पालथी पितळी

रखमाचा भात रोज उरायचा. कमी पडला असता तर तिने कुणाजवळ बोलूनही दाखवलं असतं. भात उरतो म्हणून झोप उडालेली खानावळवाली मात्र लालबागमध्ये आजवर कुणी पाहिली नव्हती, म्हणून ती गप्प राहायची.

तिचा हात मापाचा होता. सुपात तांदूळ घेतला की किती माणसं जेवतील ते ती न मोजता सांगे आणि सहसा चुकत नसे. सकाळी गॅलरीतल्या दोन स्टोंवर टोप चढत. अकराच्या सुमाराला परळ-दादरच्या ऑफिसांचे डबे भरून जात. मग घरातली माणसं, मदतीच्या दोघी बायका, सगळ्यांची जेवणं होत. शेवटी टोपात डाव घातला की तळाशी भात असे. नऊ गड्यांचा भात. गिरणीच्या खात्यात उभं राहून काम केलेला गडी पोटभर जेवेल असा, प्रत्येकाला दोनदा वाढून पुरेल इतका.

तिने कारण शोधून पाहिलं. नवा तांदूळ कमी फुलतो, जुना जास्त, म्हणून तांदूळ बदलला. माप मोठं झालं असेल म्हणून चाळीतल्याच सोनूबाईचं माप आणलं. वाण्याच्या तराजूवर तांदूळ तोलून घेतला. ओला तांदूळ, कोरडा तांदूळ, पाणी कमी, पाणी जास्त, सगळं केलं. तांदूळ कमी घातला की डब्यांना भात अपुरा पडे, तरी टोपाच्या तळाशी तो नऊ जणांचा भात असेच. हे कसं, ते तिला कळत नसे. एकदा तिने सोनूबाईलाच म्हटलं, "आज तू वैर." सोनूबाईने तांदूळ वैरला, भात रांधला, डबे भरले. शेवटी झाकण उचलून आत पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

"मी जाते गो," ती म्हणाली. त्यानंतर ती रखमाच्या स्टोजवळ कधी उभी राहिली नाही. सोनूबाईलाही मोजता येत होतं.

रखमाचा नवरा दत्तू पूर्वी गिरणीच्या साचेखात्यात मागावर होता, आता एका बिल्डिंगीचा वॉचमन होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"तुझा हात सैल झाला," तो म्हणे. "वय झालं."

"तुमचा कधी घट्ट होता?" रखमा म्हणे, आणि उरलेला भात पातेल्यात काढून खाली पुलाजवळ बसणाऱ्या माणसांना देऊन येई.

कधी कधी टोपाच्या झाकणावर कापसाचा एखादा तंतू चिकटलेला असे. पांढरा, बारीक, गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या भुवयांवर असायचा तसा. गिरण्यांची धुराडी गार पडून बारा-तेरा वर्षं झाली होती. रखमा तो तंतू चिमटीत धरून मोरीत टाकी आणि वर पाणी ओती.

*

गिरण्यांच्या संपाच्या आधी चाळीत चार खानावळी होत्या. रखमा, सोनूबाई, काशीबाई आणि अंबिका. चौघी कोकणातल्या, चौघींचे गडी कोकणातले. महिनाभर जेवायचं, पगाराला पैसे द्यायचे, गावाला गेलेल्या दिवसांचा खाडा धरायचा. वाण्याची उधारी वाढली की सावकार. सावकाराला व्याज दिलं की मंगळसूत्राची वाटी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि असंच चालायचं, अशी सगळ्यांची समजूत होती.

मग एका संस्थेच्या बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी. त्यांनी सांगितलं, बँक तुम्हाला कर्ज देईल. सोनं नको, पुरुषाची सही नको. चार बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचं. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिघींनी भरायचा.

अंबिका तयार नव्हती. ती विधवा. नवरा गिरणीतच खोकत खोकत गेला होता, आणि त्याच्या वाडीतले गडी जेवायला घालून ती राहत होती. ती म्हणाली, "माझ्यामागे कोण आहे? उद्या चुकलं माझं, तर तुमच्या डोक्यावर."

"मी आहे ना," रखमा म्हणाली. "घाल अंगठा."

अंबिकाने अंगठा घातला.

त्या कर्जाने रखमाचं काय झालं हे खोटं सांगता येणार नाही. सावकार जिन्यात दिसेनासा झाला. तांदूळ पोत्याने येऊ लागला. पूर्वी जी दत्तूची बायको होती ती चाळीत रखमाबाई झाली. दत्तूला चहाला पैसे लागले की तो दारात उभा राहून मागायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तसाच उभा राहायचा. गुरुवारी गटाची बैठक व्हायची, तिथे संस्थेच्या बाई पाटीवर अक्षरं शिकवीत. काशीबाई म्हणायची, "आता म्हातारपणी काय, यमाला सही देऊ?" रखमा मात्र शिकली. आधी स्वतःचं नाव, मग दुकानांच्या पाट्या.

गिरणगावातल्या खानावळींची एक रीत होती. प्रत्येक गडी आपली पितळी घेऊन यायचा. उंच काठाची, जाड पितळेची ताटली, आतून कल्हई केलेली, आणि काठावर छिन्नीच्या टिंबांनी नाव घातलेलं. ती पितळी खानावळीच्या फळीवर राहायची. गडी गावाला निघाला की जेवून, पितळी धुवून, फळीवर पालथी घालून जायचा. पालथी पितळी म्हणजे मालक येणार आहे, त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. शेतीसाठी चार महिने गेला तरी नाही, आजारी पडून वर्ष लागलं तरी नाही. पितळी फळीवर आहे तोवर माणूस खानावळीचा. हिशेब मिटवायचा असेल तर तो पितळी हातात घेऊन जायचा. आणि एखाद्या बाईने खानावळ बंद केली तर ती आपल्या फळीवरच्या पितळ्या उचलून स्वतः दुसरीच्या फळीवर नेऊन ठेवायची. दुसऱ्या दिवसापासून ते गडी त्या दुसरीच्या दारात हात धुवायचे. त्यांना विचारायची गरज पडत नसे. पितळीच्या मागे गडी.

संप सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, चार दिवसांचं आहे. अंबिकाचे गडी बघता बघता गावाला गेले. एकेक जण जेवून, पितळी धुवून, पालथी घालून गेला. "येतो वहिनी. काम सुरू झालं की मागचं सगळं देतो." अंबिकाने फळीकडे बघून मान हलवली. फळी भरलेली होती, म्हणजे खानावळ चालू होती.

वर्ष गेलं. दुसरं निम्मं झालं. रखमाने शेवेच्या, चिवड्याच्या दुकानांना मिरच्या कांडून द्यायला सुरुवात केली, सोनूबाई दादरला धुणीभांडी करायला लागली, काशीबाईने मुलीचं शिक्षण थांबवलं. तिघींनी आपापले हप्ते कसेबसे भरले आणि वर अंबिकाचा भरला. अंबिका मात्र खोली सोडून कुठे कामाला जाईना.

"गडी आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" ती म्हणायची.

ती दुपारी मूठभर भात रांधायची. पितळ्या सुलट्या करून मांडायची, प्रत्येकीत घासभर वाढायची, थोडा वेळ उंबऱ्यात बसायची. मग तो भात गोळा करून स्वतः खायची, पितळ्या धुवून पालथ्या घालायची. सोनूबाईने हे पाहिलं आणि गटाच्या बैठकीत सांगितलं.

संस्थेच्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बँकेचं माझ्या हातात नाही. मागचं पूर्ण फिटल्याशिवाय गटातल्या कुणालाच नवीन कर्ज मिळणार नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या."

रखमाला नवीन कर्ज हवं होतं. गिरण्यांचे गडी परत यायचे नाहीत, हे तिला चाळीत सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ऑफिसांना डबे द्यायचे, असं तिने ठरवलं होतं. दत्तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला होता. दोन मुलं होती. कर्ज मिळालं नाही तर गावाला जाऊन दिराच्या दारात बसण्यावाचून दुसरं काही नव्हतं.

तिघी अंबिकाच्या खोलीत गेल्या तेव्हा दुपार होती. अंबिका तांदूळ निवडत होती.

"अंबिका, आम्ही काय चोर नाही," काशीबाई म्हणाली. "पण पोरांच्या तोंडचं काढून किती दिवस भरायचं?"

"मी कुठे चोर म्हटलं? टोप न्या. परात न्या. स्टो पण न्या, त्यात घासलेट आहे थोडं, सांडू नका."

दोघींनी भांडी दाराबाहेर काढली. रखमाने मनात बेरीज केली. पुरत नव्हतं. तिने फळीकडे पाहिलं. नऊ पितळ्या पालथ्या, एकीवर एक न ठेवता ओळीने मांडलेल्या, चिंचेने घासलेल्या.

"पितळ्या नको गो," सोनूबाई हळू आवाजात म्हणाली. "त्या तिच्या नाहीत."

"ज्यांच्या आहेत ते पैसे बुडवून गेले. पितळ ते पितळ."

अंबिका उठली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच उठली होती.

"पितळ्या नेतेस, रखमा?"

"नेते."

"मग गडीही ने. पितळीच्या मागे गडी जातो, हे तुला मी सांगायला नको. नेतेस?"

आता माघार घ्यावी तर बाकीच्या दोघी बघत होत्या. रखमाने पहिली पितळी काढून गोणपाटात टाकली.

"नेते," ती म्हणाली.

अंबिकाने मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. जणू एक काम मार्गी लागलं.

मोडीच्या दुकानातला माणूस पितळी तराजूत घालण्याआधी उखळाएवढ्या ऐरणीवर उभी धरी आणि काठ ठेचून सपाट करी. रखमा समोर उभी होती. गुरुवारच्या बैठकांमुळे तिला आता वाचता येत होतं, आणि डोळ्यांनी वाचायचं थांबवणं तिला जमलं नाही. धोंडू. जगन. बुधाजी. शिवा. दगडू. घाव पडला की आधी टिंबं जवळ येत आणि मग एकमेकांत मिसळून जात. दगडूच्या पितळीच्या तळाला पोचा होता.

मागचं कर्ज फिटलं. अंबिका आठवडाभर खोलीत होती. रद्दीच्या कागदाचे तुकडे मांडून ती त्यांवर घास वाढायची, असं म्हणतात. मग एका सकाळी दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर घरमालकाचा कागद.

नवीन कर्ज मिळालं. ज्या दिवशी रखमाने डब्यांचा पहिला भात रांधला, त्या दिवशी तो उरला.

*

एवढ्या वर्षांत संस्था मोठी झाली होती. आता ती गावागावांत बायकांचे गट बांधत होती. त्या वर्षी दिवाळीनंतर बाई रखमाकडे आल्या. त्यांचे केस पांढरे झाले होते.

"राजापूरकडच्या काही बायका आणतेय," त्या म्हणाल्या. "त्यांचे गट व्हायचे आहेत. घाबरतात. तुम्हाला बघितलं की धीर येईल. जेवायला घाला, चार शब्द सांगा. आणि परळच्या गाळ्यासाठी तुमचा अर्ज आहे ना, त्याचंही मग बोलते मी."

त्या गाळ्यात डब्यांचं काम हलवायचं रखमाचं स्वप्न होतं. ती हो म्हणाली.

बायका आल्या. एसटीने अंग मोडून आलेल्या, पण नवी लुगडी नेसलेल्या. गॅलरीत त्यांच्या दोन पंगती बसल्या. संस्थेच्या बाईंनी गटाचं सगळं समजावून सांगितलं. शेवटी टोकाला बसलेल्या एका बारीक चणीच्या बाईने विचारलं, "बाय, नि एकीनं नाय भरलं तर?"

"तसं सहसा होत नाही. झालं तर गट सांभाळून घेतो. विचारा रखमाबाईंना. संपात सगळी मुंबई बुडाली, पण यांच्या गटाचा एक पैसा बुडला नाही."

सगळ्या रखमाकडे बघायला लागल्या.

"भात निवतोय," रखमा म्हणाली. "आधी जेवा."

ती वाढत गेली. आमटी, भात, सुक्या बांगड्याचं तिखलं. वाडीकडच्या बायका ओळखीचं खाणं बघून मोकळ्या झाल्या. "मुंबईत ऱ्हाऊन हात कोकणातलाच ठेवलाय हो," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "गप जेव. स्तुती केली तर मासा वाढतील म्हणून बोलतेस." प्रश्न विचारणारी बाई मात्र जेवत नव्हती. तिने भात नुसता कालवून ठेवला होता. रखमा मोरीवर हात धुवायला गेली तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"तुम्हीच रखमावैनी ना? मी दुर्गा. दगडूची बायको."

रखमाने नळ बंद केला.

"कोण दगडू?" तिने विचारलं. विचारताना तिच्या डोळ्यांपुढे पोचा आलेली पितळी होती.

"अंबिकावैनींकडे जेवायचे ते. संपात गावाला आले ते ऱ्हायलेच." दुर्गा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलत होती. "त्यांची पितळी न्यायला आलेय. गट-बिट मला नाय समजत. गाडी फुकट येत होती म्हणून नाव दिलं."

"पितळी माझ्याकडे आहे असं कुणी सांगितलं?"

"अंबिकावैनींनीच. त्या वक्ताला वाडीत आल्या होत्या. घराघरांत जाऊन सांगितलं, आता मी नाय. तुमच्या पितळ्या रखमाच्या फळीवर हायेत, ती नीट ठेवील. कुणाच्यात पाणीसुद्धा घेतलं नाय त्यांनी. मग खालच्या वाटेनं गेल्या त्या कुठे गेल्या ठाऊक नाय."

रखमाने भिंतीला हात टेकला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, अंबिका शाप देऊन गेली. शाप देणारीने घरोघर जाऊन असं कशाला सांगितलं असतं?

"आणि दगडू?"

"गेले. शिमग्यानंतर." दुर्गाने गॅलरीकडे एकदा बघून आवाज खाली घेतला. "तुम्हाला सांगते, वैनी. गावाला आले त्या दिवसापासून ते माझ्या हातचं जेवलेच नायत म्हणा ना. ताटावर बसायचे. दोन घास खायचे. नि म्हणायचे, माझं पान तिकडे वाढलंय. माझी पितळी लालबागला हाय. दुपार झाली की हात धुवून पडवीत बसून ऱ्हायचे. सासूबाय रागवायच्या, कोण वाढतंय रे तुला तिकडे? धोंडूभावोजींचं तेच. वाडीत जेवढे संपाचे आले तेवढ्यांचं तेच. माणसं सुकत गेली. डॉक्टर म्हणाला, रोग नाय."

रखमाने ओले हात पदराला पुसले.

"दहाव्याला कावळा शिवेना. दुपार टळली तरी शिवेना. दिरांनी पोरांची शपथ घेतली, जमिनीचं बोलले, सगळं बोलून झालं. शेवटी मी म्हटलं, तुमची पितळी मी लालबागसून घेऊन येते. तेव्हा शिवला." तिने मान वर केली. "म्हणून आले. ती घरी आल्याबिगर ते सुटायचे नायत. त्यांच्याकडचे काय पैसे असतील ते मी फेडीन हळूहळू. पितळी तेवढी द्या."

खाली पुलापलीकडे भांड्यांच्या दुकानात जुन्या पितळ्या टांगलेल्या असत. रखमा रोज त्यांच्याखालून जात होती. एक विकत घ्यायची. नाव घालणारा समोरच बसतो. तळाला पोचा पाडायला एक बत्ता पुरे. 'आज सापडत नाही, संस्थेच्या बाईंबरोबर पाठवून देते,' एवढं म्हटलं की झालं. दुर्गा ती देवापाशी ठेवील आणि कधीच काही विचारणार नाही. गॅलरीत संस्थेच्या बाई हसून कुणाशी बोलत होत्या. परळचा गाळा, त्याचं लोखंडी शटर, आतली नळाची जागा, सगळं रखमाच्या डोळ्यांसमोर होतं.

तिने मागे वळून टोपाकडे पाहिलं. एवढ्या पंगती उठत आल्या होत्या. तिने झाकण उचललं. तळाशी भात होता. दुर्गाने तिच्या खांद्यावरून आत डोकावलं.

"अजून कोण जेवायचं ऱ्हायलंय?" तिने साधेपणाने विचारलं.

रखमाने झाकण खाली ठेवलं. ती दुर्गाचा हात धरून गॅलरीत आली, सगळ्यांच्या समोर.

"मघाशी हिने विचारलं," ती म्हणाली, "एकीने नाही भरलं तर काय. मी सांगते. आमच्यातल्या अंबिकाने नाही भरलं. आम्ही तिघी तिच्या खोलीत गेलो आणि तिची भांडी काढून आणली. ती पुरेनात, म्हणून मी फळीवरच्या पितळ्याही काढल्या. दुसऱ्यांच्या होत्या. हिच्या नवऱ्याची त्यात होती. ती मोडीत घातली. माझ्यासमोर ठेचली."

एकीचा घास हातात तसाच राहिला.

"रखमाबाई," संस्थेच्या बाई म्हणाल्या, "हे मला कधी कळलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही. आम्हाला सांगायचं नव्हतं. कर्ज फिटलं होतं." ती पुन्हा बायकांकडे वळली. "कर्ज वाईट नाही. मी त्याच्यावर उभी राहिले, पोरं शिकली. पण जामीन राहणं म्हणजे काय ते बघून राहा. ज्या घरात हळदीकुंकवाला जाता त्या घरात गोणपाट घेऊन जावं लागतं."

दुर्गा तिच्याकडे बघत होती. ती रडेल किंवा शिव्या देईल, अशी रखमाची तयारी होती.

"पितळी नाय," दुर्गा सावकाश म्हणाली, "मग एवढी वर्षं ते जेवत होते कशात?"

"कशातच नाही," रखमा म्हणाली. "भात असायचा. रोज असायचा. मी वाढलाच नाही कधी."

खालून बसचा आवाज आला आणि गेला. दुर्गाने पंगतीतली मोकळी जागा बघितली, पदर खोचला आणि म्हणाली, "मग आता वाढा."

रखमाने आत जाऊन स्वतःचं ताट आणलं, पाणी शिंपडून जागा पुसली, ताट मांडलं. टोपाच्या तळाचा भात वाढला. आमटी वाढली. मीठ वाढलं. तांब्याभर पाणी उजव्या हाताला ठेवलं. गॅलरीतल्या सगळ्या बायका आपोआप मागे सरकल्या होत्या, माणूस जेवायला बसल्यावर सरकतात तशा. ताटासमोर कुणी नव्हतं. वाऱ्याने भाताची वाफ एकदा आत ओढल्यासारखी झाली आणि पुन्हा सरळ वर जाऊ लागली.

थोड्या वेळाने दुर्गा त्या ताटावर बसली. गावाकडच्या बायका नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवतात तशी ती जेवली, शीत न शीत. मग मोरीवर जाऊन ताट घासलं, पदराने कोरडं केलं आणि काखेत धरलं.

"हे नेते."

"ने," रखमा म्हणाली.

"तुम्हाला मी माफ-बिफ केलं नाय हां, वैनी."

"नको करूस."

बायका निघाल्या. जिन्यात त्यांची कुजबुज बराच वेळ ऐकू येत होती. संस्थेच्या बाई मागे राहिल्या, चप्पल घालता घालता म्हणाल्या, "गाळ्याचं मी बघते, पण आत्ता काही सांगता येत नाही." रखमाने बरं म्हटलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी डबे भरून गेले, घरची जेवणं झाली, आणि रखमाने टोपात डाव घातला. भात होता. तिने तो एका परातीत काढला, मग एकेका गड्याचा वाटा करून वेगळा मांडला. मांडून झाल्यावर पुन्हा गोळा केला आणि पुन्हा मांडला. दोन्ही वेळा आठच वाटे झाले.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. झाकणावर कापसाचा तंतू होता. या वेळी तिने तो उचलला नाही.

दत्तू रात्रपाळी करून आलेला, आतल्या खोलीत पडला होता. त्याने विचारलं, "काय करतेयस एवढा वेळ?"

"अहो," रखमा म्हणाली, "परळ डेपोतून राजापूरची एसटी कधी असते?"

"असते संध्याकाळची. कशाला? तिकडे कोण आहे आपलं?"

रखमाने उठून हात धुतले. भिंतीवर, स्टोच्या वरच्या बाजूला, पूर्वीच्या फळीची मोकळी जागा होती. ती फळी काढल्यापासून तिथे तिने इतकी वर्षं खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.

"आठ गडी आहेत माझे," ती म्हणाली. "कुणी जिवंत असेल, कुणी नसेल. जाऊन सांगायला हवं. तोवर इथे एक फळी मारून ठेवा."